वर्तणूक: चांगली

१० जून १९७२. रात्री दहाच्या सुमाराला रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजात मुलींच्या हॉस्टेलच्या कंपाउंडवर काही मुलं येऊन बसली. थोड्या वेळाने ती आत उतरली आणि अंगावर कपडे न ठेवता आवारात फिरू लागली. काही जण खिडक्यांपाशी गेले. एका मुलीचा हात धरून ओढायचा प्रयत्न झाला. मग चार-पाच जण पाइपावरून चढून थेट गच्चीवर पोचले. तिथे काही मुली अभ्यास करत बसल्या होत्या. त्यांनी आरडाओरडा केला तशी मुलं पळाली. पण रोज एकाच कॉलेजात वावरणाऱ्यांना अंधारातही माणूस ओळखू येतो. पळणाऱ्यांपैकी चौघांना मुलींनी ओळखलं होतं.

३६ मुलींनी मिळून प्राचार्यांकडे गोपनीय तक्रार दिली. प्राचार्यांनी तीन अध्यापकांची समिती नेमली. समितीने मुलींना बोलावून त्यांचे जबाब घेतले, पण त्या वेळी मुलांना समोर बसवलं नाही. त्याऐवजी एक साधी युक्ती केली. संशयित मुलांचे फोटो इतर मुलांच्या फोटोंत मिसळले आणि त्या गठ्ठ्यातून ओळखायला सांगितलं. मुलींनी बरोबर तेच चौघे काढले. मग चौघांना एकेकटं बोलावून आरोप काय आहे ते सांगितलं आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. कुणी काय सांगितलं हे मात्र कळू दिलं नाही. शिक्षा झाली ती दोन वर्षं कॉलेजबाहेर राहण्याची. मुलं पाटण्याच्या उच्च न्यायालयात गेली, तिथून दिल्लीला. तक्रार एकच होती. साक्षीदार आमच्यासमोर आणले नाहीत, उलटतपासणी करू दिली नाही, मग हा न्याय कसला?

१९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं म्हणणं फेटाळलं. मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले न्यायमूर्ती पालेकर यांनी तो निकाल लिहिला. नैसर्गिक न्यायाची तत्त्वं सगळीकडे एकाच मापाने लावायची नसतात, परिस्थिती बघावी लागते, असं त्याचं सार. मुली समोर येऊन बोलल्या असत्या तर कॉलेजच्या फाटकाबाहेर त्यांचं रक्षण कुणी केलं असतं? पोलिसांनाही ते जमलं नसतं. शिक्षणसंस्थांमधल्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत वकील आजही ‘हीरानाथ मिश्रा’ हे नाव घेतात, ते याच निकालाचं.

आता दुसरं कॉलेज, किंबहुना विद्यापीठ. गोवा विद्यापीठात मार्च २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. समितीने १८ बैठका घेतल्या. त्यातल्या बऱ्याच मे महिन्यात एकापाठोपाठ उरकल्या. प्राध्यापकाने मुदत मागितली, ती नाकारली आणि चौकशी एकतर्फी पुढे रेटली. जूनमध्ये अहवाल तयार होता. जानेवारी २०१० मध्ये बडतर्फी झाली. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. आणि १२ मे २०२३ रोजी, म्हणजे तक्रारीला १४ वर्षं उलटून गेल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तक्रारी खोट्या आहेत असं न्यायालय कुठेही म्हणालं नाही. चौकशी विजेच्या वेगाने उरकली, माणसाला आपली बाजू मांडायला पुरेसा वाव दिला नाही, एवढंच ते म्हणालं. पीडितांना न्याय द्यायच्या काळजीपोटी समितीने त्यांचंच जास्त नुकसान केलं, असा निकालाचा सूर होता.

वरवर पाहता दोन्ही निकाल एकमेकांना छेद देतात. एकीकडे उलटतपासणीशिवाय दिलेली शिक्षा टिकली, दुसरीकडे वेळ दिला नाही म्हणून शिक्षा पडली. पण जरा निरखून पाहिलं तर रांचीच्या त्या तीन अध्यापकांनी एक गोष्ट नीट केली होती. त्यांनी मुलींना तत्काळ आडोसा दिला आणि दोष कुणाचा हे ठरवताना कष्ट घेतले. फोटोंचा गठ्ठा म्हणजे तेच कष्ट. आपली बहुतेक कॉलेजं याच्या नेमकं उलट वागतात. जिथे धावायला हवं तिथे बसून राहतात, आणि बोभाटा झाला, बातमी छापून आली, संघटनेने गेटवर घोषणा दिल्या, की जिथे थांबून विचार करायचा तिथे धावत सुटतात.

हे असं का होतं, हे कळायला कायदा आणि कॉलेजची इमारत, दोन्ही पाहावं लागतं.

कायद्याची गोष्ट इतरत्र बरीचशी सांगून झालेली आहे. राजस्थानातल्या भंवरीदेवींच्या प्रकरणातून १९९७ चा ‘विशाखा’ निकाल आला आणि कामाच्या ठिकाणी तक्रार समिती बंधनकारक झाली. ती कागदावरच राहते आहे, हे न्यायालयाच्या कानावर घातलं ते पुण्यातून. ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी लिहिलेलं पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतलं. त्या प्रकरणात २००४ मध्ये झालेला एक आदेश कॉलेजांनी भिंतीवर लावायला हवा. तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानायचा, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे नंतर पुन्हा वेगळी चौकशी नाही. समितीने जे लिहिलं तेच शेवटपर्यंत, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणार. गोव्यात हेच घडलं. २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ चे विनियम मे २०१६ मध्ये राजपत्रात आणले. ‘विद्यार्थ्याने विद्यार्थिनीचा छळ केला तर काय’ याचं उत्तर त्या विनियमांत आहे.

हे विनियम मुळात चांगले आहेत, हे मान्य करायला हवं. समितीची अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका. दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, एक बाहेरची सदस्य. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी सदस्य: एक पदवीचा, एक पदव्युत्तर, एक संशोधक, आणि तेही लोकशाही पद्धतीने निवडलेले. निम्म्या तरी स्त्रिया. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते, विभागप्रमुख यांना समितीत जागा नाही. तक्रारीला तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला, त्याचं उत्तर दहा दिवसांत, चौकशी नव्वद दिवसांत. शिक्षेची यादीही समजूतदार आहे: ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांसारख्या सवलती रोखण्यापासून आवारात यायला बंदी आणि नाव काढून टाकण्यापर्यंत, सक्तीचं समुपदेशन आणि समाजसेवाही त्यात आहे. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडतात, हे या विनियमांनी उघड मान्य केलं आहे. हे आपल्याकडच्या कायद्यांत दुर्मीळच.

आता हे घेऊन तालुक्याच्या गावातल्या एखाद्या कॉलेजात जावं.

कॉलेजात संशोधक विद्यार्थी एकही नाही. सहयोगी प्राध्यापकपदाला पोचलेली बाई असेल तर नशीब. लोकशाही पद्धतीने निवडून आलेला विद्यार्थी आणायचा कुठून? महाराष्ट्रात कॉलेजच्या खुल्या निवडणुका १९९० च्या दशकात बंद पडल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणायचं ठरवलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा विद्यार्थी प्रतिनिधी म्हणजे प्राचार्यांना ‘सर, सर’ करणारा, एनएसएसच्या शिबिरात पुढे असणारा मुलगा. बाहेरची सदस्य म्हणून संस्थाचालकांच्या ओळखीतल्या एक वकीलबाई असतात. समितीचा फलक ऑफिसच्या भिंतीवर लावलेला असतो आणि त्यावरच्या दोन मॅडम बदली होऊन कधीच गेलेल्या असतात. फाईल मात्र चोख असते, कारण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला ती दाखवायची असते. वार्षिक अहवालात एक ओळ छापलेली असते: ‘या वर्षी प्राप्त तक्रारी: शून्य.’ शून्यावर शिक्का मारताना सगळ्यांना बरं वाटतं. हजार-बाराशे मुलं-मुली शिकतात अशा ठिकाणी वर्षानुवर्षं शून्य तक्रारी येत असतील तर त्या शून्यानेच खरं तर नॅकवाल्यांना दचकवायला हवं.

आणि मग एक दिवस तक्रार येते.

समजा, दुसऱ्या वर्षाची मुलगी आहे. इंडस्ट्रियल व्हिजिटहून परतताना रात्री दीडच्या सुमाराला बसमध्ये, शेवटून दुसऱ्या सीटवर, तिच्याच प्रॅक्टिकल बॅचमधल्या मुलाने तिला नको तिथे हात लावला. ती झोपलेली होती. जागी झाली, ओरडली नाही, उठून पुढे मॅडमच्या शेजारी जाऊन बसली. तीन दिवसांनी तिने मैत्रिणीला सांगितलं, दहा दिवसांनी अर्ज दिला. अर्ज द्यायला गेली तेव्हा ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी तो उघडा घेतला, आवक नोंदवहीत विषयासकट चढवला, आणि चहा घेऊन आलेल्या शिपायाने तो वाचला. दुपारच्या सुट्टीपर्यंत कँटीनला माहीत होतं. गोपनीयतेचं कलम गळालं ते इथे, समितीची पहिली बैठक व्हायच्या आधी.

पुढचे पंधरा दिवस ती आणि तो त्याच बॅचमध्ये, त्याच टेबलावर, एकाच ब्युरेटपाशी उभे. विनियमांत याला उपाय आहे. तक्रार आली की समितीच्या शिफारशीवरून तक्रारदाराला दुसऱ्या बॅचमध्ये किंवा विभागात हलवता येतं, हजेरी न कापता तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, समोरच्याला अंतर राखायला सांगता येतं. हे करायला दोष सिद्ध व्हावा लागत नाही. कुणाच्याही नावाला काळं फासलं जात नाही. बॅच बदलायला समितीची शिफारस आणि एचओडींची एक सही पुरते. तेवढंच होत नाही, कारण ‘अजून चौकशी चालू आहे, आत्ताच कसं काही ठरवायचं?’ ही मखलाशी वरकरणी निष्पक्ष वाटते. बॅच बदलण्यात निकाल नसतो. ताप आलेल्या माणसाला रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधी आपण घोंगडी देतोच.

हॉस्टेलचा प्रश्न असेल तर आणखी गंमत. हलवली जाते ती मुलगीच, बहुधा ‘तुझ्याच सुरक्षेसाठी’. मग सगळ्याच मुलींची वेळ साडेआठवरून साडेसातवर येते. खिडक्यांना जाळ्या बसतात. २०१५ साली दिल्लीच्या मुलींनी ‘पिंजरा तोड’ म्हणत रस्त्यावर येऊन जे सांगितलं ते हेच होतं. आयोगाचे विनियमही स्पष्ट बजावतात की सुरक्षेच्या नावाखाली मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे नियम लावू नका. तरीही कॉलेजला कुंपण वाढवणं सोपं वाटतं. कुंपण कुणाचंच नाव घेत नाही. चौकशीला नाव घ्यावंच लागतं.

या सुरुवातीच्या दिवसांतली ढिलाई किती महागात पडते, हे ओडिशातल्या बालासोरने दाखवलं. जुलै २०२५ मध्ये तिथल्या एका स्वायत्त कॉलेजातल्या वीस वर्षांच्या विद्यार्थिनीने आपल्या विभागप्रमुखाविरुद्धची तक्रार समितीपर्यंत पोचवली होती. १२ जुलैला कॉलेजच्या आवारात तिने स्वतःला पेटवून घेतलं आणि १४ जुलैला भुवनेश्वरच्या एम्समध्ये तिचा मृत्यू झाला. विभागप्रमुखाला अटक झाली, प्राचार्यांनाही झाली. तिथे आरोप शिक्षकावर होता, विद्यार्थ्यावर नव्हता. पण वीस वर्षांच्या मुलीला नव्वद दिवस म्हणजे काय, हे त्यातून कळतं. समितीच्या लेखी मुदत अजून संपलेली नसते. तिच्या लेखी एक अख्खं सेमिस्टर हातचं जात असतं.

आता बसमधल्या प्रकरणाकडे. समिती बसते. कॉलेजच्या बोर्डरूममधलं लांबट टेबल, पलीकडे सात-आठ माणसं, अलीकडे एक खुर्ची. प्रश्न सुरू होतात. ‘तू त्याच्याशी आधी बोलायचीस ना?’ ‘ओरडली का नाहीस?’ ‘घरी माहीत आहे का?’ या तिन्ही प्रश्नांतून त्या रात्रीबद्दल काहीही कळत नाही, फक्त मुलीला कळतं की समितीला काय वाटतं. कामाचे प्रश्न वेगळेच असतात आणि ते बरेच कंटाळवाणे असतात. बसमध्ये कोण कुठे बसलं होतं, त्याचा आराखडा काढता येईल का? रात्री कुठल्या ढाब्यावर थांबलात, बिलावर वेळ काय आहे? ती पुढे येऊन बसली तेव्हा मॅडम जाग्या होत्या का, तिने त्यांना काय कारण सांगितलं? मैत्रिणीला पहिला मेसेज कधी गेला? मोबाइलचा कापलेला स्क्रीनशॉट नको, तोच फोन समितीसमोर उघडून, आधीच्या-नंतरच्या मेसेजांसकट दाखवाल का? मुलगा म्हणतो मी झोपलो होतो. तर त्याच वेळी ग्रुपवर त्याने टाकलेली रील कुठून आली?

हे सगळं कुठल्याही नीट माणसाला जमण्यासारखं आहे. त्याला वकिली लागत नाही. रांचीच्या मेडिकल कॉलेजातल्या अध्यापकांनाही चौकशीचा सर्टिफिकेट कोर्स कुणी दिला नव्हता. पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. रांचीत ३६ मुली होत्या आणि हॉस्टेलवर चाल करून आलेल्यांना ओळखायचं होतं. आजच्या बहुतेक प्रकरणांत एकच मुलगी असते, मुलगा ओळखीचाच असतो, कोण होता हा प्रश्नच नसतो. काय झालं आणि ते तिच्या संमतीने झालं का, हा प्रश्न असतो. तिथे फोटोंचा गठ्ठा कामाला येत नाही. तिथे त्याचं म्हणणं नीट ऐकावं लागतं, त्याला तिच्या जबाबाची प्रत द्यावी लागते आणि त्याचे प्रश्न तिला विचारावे लागतात. त्याने समोर उभं राहून नव्हे. त्याने लिहून द्यावेत, अध्यक्षांनी त्यातले गैरलागू गाळून विचारावेत. एवढ्याने तिचा मान राखला जातो आणि कोर्टात अहवालही उभा राहतो.

काही स्त्रीवादी कार्यकर्त्यांना हे ऐकायला जड जातं, आणि त्याला कारणही आहे. ‘दोन्ही बाजू’ या शब्दांनी गेली कित्येक दशकं मुलींची तोंडं बंद केली आहेत. पण गोव्याच्या प्रकरणाचा धडा नेमका त्यांच्याचसाठी आहे. समितीने घाई केली तेव्हा त्याचा फटका शेवटी कुणाला बसला? वीस-बावीस वर्षांच्या वयात धीर करून बोललेल्या मुलींना. मुलाला दिलेले दहा दिवस त्याच्यावरचे उपकार नसतात. ते तिच्या अहवालाचा पाया भरण्याचे दिवस असतात.

मुलाच्या बाजूनेही हे तितकंच खरं आहे. एकोणीस वर्षांच्या पोराला ‘तुझ्याविरुद्ध तक्रार आहे, उद्या वडिलांना घेऊन ये’ एवढंच सांगून केबिनमध्ये उभं करतात, तेव्हा त्याच्यावर नेमका आरोप काय, हे त्याला कित्येकदा तिथेच कळतं. काही वेळा तो निर्दोष असतो. चौकशी नसेल तर त्याचं निर्दोष असणंही कधी सिद्ध होत नाही, कँटीनच्या निकालावरच त्याला तीन वर्षं काढावी लागतात. खोट्या तक्रारींचा बाऊ मात्र फार केला जातो. विनियमांत जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याबद्दल कारवाईची तरतूद आहे, पण त्यातच असंही लिहिलं आहे की तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही. हे वाक्य समितीच्या पहिल्याच बैठकीत मोठ्याने वाचावं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी मुलीला आधीच ऐकवतात, ‘खोटं निघालं तर तुझ्यावरच येईल हं’.

पण हे सगळं समिती बसली तर. बहुतेक प्रकरणं तिथवर पोचतच नाहीत. मुलाचे वडील येतात, बरोबर गावातले एखादे ‘दादा’. ‘सर, पोराच्या करिअरचा प्रश्न आहे.’ मुलीचे वडीलही येतात आणि त्यांना पोरीच्या लग्नाची काळजी असते. प्राचार्यांना संस्थेच्या नावाची. तीन पुरुष तीन वेगवेगळ्या कारणांनी एकाच निर्णयाला येतात, आणि कोऱ्या कागदावर माफीनामा लिहून घेतला जातो: ‘माझ्याकडून जे काही घडले त्याबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असे घडणार नाही.’ ‘जे काही’ म्हणजे काय, ते कुठेच नसतं. आपल्याकडच्या कॉलेजांच्या खऱ्या शिस्तव्यवस्थेचा तो मूळ दस्तऐवज आहे. विनियमांतही समेट आहे, पण तो तक्रारदाराने मागितला तर, आणि पैशाच्या देवाणघेवाणीशिवाय. वडिलांनी, दादांनी आणि प्राचार्यांनी मिळून मागितलेला समेट त्यात बसत नाही.

प्रकरण फारच चिघळलं तर मुलाच्या हातात एलसी ठेवतात. काढून टाकत नाहीत; ‘तुम्हीच घेऊन जा’ म्हणतात. एलसीवर कारण लिहिलेलं असतं ‘स्वेच्छेने’ आणि वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’. तो मुलगा दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात पुढच्या सोमवारपासून बसतो. तिथल्या मुलींना काही माहीत नसतं, तिथल्या प्राचार्यांनाही नसतं. या व्यवहाराला शिक्षा म्हणणं म्हणजे घरातला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात टाकून ‘स्वच्छता केली’ म्हणण्यासारखं आहे.

यावर उपाय काय, हे मात्र सोपं नाही. अमेरिकेत न्यू यॉर्क आणि व्हर्जिनिया या राज्यांनी २०१५ मध्ये अशी शिक्षा झाल्याची नोंद गुणपत्रिकेवर करण्याचे कायदे केले. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धची तक्रार मुदतीबाहेरची म्हणून फेटाळली, पण निकालाची नोंद त्यांच्या बायोडेटात कायम राहील असंही सांगितलं. हा एक निराळाच प्रकार झाला: तक्रार ऐकलीच नाही आणि डाग मात्र ठेवला. बायोडेटात डाग ठेवायचा तर आधी चौकशी हवी. आणि कुलगुरूंना लावलेला न्याय एकोणीस वर्षांच्या पोराला जन्मभर लावावा का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. ठरावीक मुदतीची, कारणासकट, फक्त पुढच्या संस्थेला कळवलेली नोंद हा मधला मार्ग दिसतो. निदान ‘चांगली’ हा शब्द खोटा लिहू नये, इतकी अपेक्षा तरी ठेवायला हरकत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक गुंता आहे. इथे बऱ्याच कॉलेजांत अकरावी-बारावीचं कनिष्ठ महाविद्यालय त्याच इमारतीत, त्याच जिन्यावर, त्याच कँटीनमध्ये भरतं. बसमधली मुलगी दुसऱ्या वर्षाला नसून बारावीत असेल आणि सतरा वर्षांची असेल तर सगळंच बदलतं. तिथे २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. माफीनामा लिहून घेणारे प्राचार्य तिथे स्वतःच आरोपी होऊ शकतात. हे किती प्राचार्यांना ठाऊक आहे, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. ‘वय काय?’ हा प्रश्न समितीने सगळ्यांत आधी विचारायला हवा.

पोलिसांत जायचं की कॉलेजात, हा मुलीचा निर्णय असतो आणि दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं. दोघांची कामं वेगळी. पोलीस आणि कोर्ट विचारतात की गुन्हा झाला का, आणि त्याला निःसंशय पुरावा मागतात, कारण शिक्षा तुरुंगाची असते. कॉलेज विचारतं की या मुलाने या आवाराचे नियम मोडले का, आणि या दोघांनी यापुढे इथे कसं शिकायचं. तिथे पारडं कुठे झुकतं एवढं पाहिलं तरी पुरतं, कारण कॉलेजच्या हातात फार तर प्रवेश काढून घेणं आहे. ‘कोर्टात निकाल लागू द्या, मग बघू’ म्हणणारं कॉलेज आपलं काम दुसऱ्याच्या अंगावर ढकलत असतं. कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा ती मुलगी कुठे आणि तो मुलगा कुठे.

अमेरिकेत गेली पंधरा वर्षं हीच दोरी इकडून तिकडे ओढली जाते आहे, आणि तिकडे शिकायला गेलेल्या मराठी मुलांनाही ती लागू होते. एप्रिल २०११ मध्ये सरकारने कॉलेजांना पत्र लिहिलं की पारडं झुकलं की पुरे, तेवढ्यावर ठरवा, आणि लवकर ठरवा. काही कॉलेजांनी घाईघाईने एकाच अधिकाऱ्याला तपासनीस आणि न्यायाधीश दोन्ही केलं, आणि काढून टाकलेल्या मुलांनी दावे लावले. २०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या प्रकरणात अपील न्यायालयाने सांगितलं की कुणाचं खरं मानायचं यावर सगळं अवलंबून असेल तर उलटतपासणी हवीच. २०२० च्या नियमांनी ती प्रत्यक्ष सुनावणीत सक्तीची केली, तीही त्या-त्या बाजूच्या सल्लागाराकडून. मुली तक्रार करायलाच बिचकू लागतील अशी ओरड झाली. २०२४ मध्ये नवे नियम आले, जानेवारी २०२५ मध्ये केंटकीतल्या संघीय न्यायालयाने ते रद्द केले आणि २०२० चे परत आले. सरकार बदललं की न्यायाची रीत बदलते. आपले विनियम २०१६ पासून जागच्या जागी आहेत, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. आपल्याला नवा कायदा नको आहे. जो आहे तो कुणी तरी वाचायला हवा आहे.

हे जमू शकतं याचा दाखलाही आपल्याकडे होता. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ मध्ये ‘जीएसकॅश’ ही समिती सुरू झाली. तिच्यात निवडून आलेले सदस्य असत, विद्यार्थ्यांचेही. समितीबद्दल तक्रारी होत्या, वादही होते. निवडणुकीतून आलेल्या माणसांना राजकारण चिकटतंच. पण कुठे जायचं हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक असे, कारण तिने त्या समितीसाठी मत दिलेलं असे. सप्टेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाने ती मोडीत काढून विनियमांप्रमाणे नेमलेली समिती बसवली. ज्या विनियमांनी निवडून आलेले विद्यार्थी मागितले त्यांच्याच नावाने निवडून आलेली समिती गेली, हा त्यातला विनोद फारसा कुणाच्या लक्षात आला नाही.

आणि गोव्याचं काय झालं? सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या निकालात देशभरातल्या समित्यांची हजेरी घ्यायला सांगितलं. त्याच सुमाराला कुस्तीपटूंचं लैंगिक छळाविरुद्धचं आंदोलन चालू होतं आणि ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी सोळांकडे नीट समितीच नाही, अशी बातमी आली होती. तिची निकालात दखल आहे. या आदेशांची चर्चा खूप झाली. मूळ प्रकरणाबद्दलचा आदेश मात्र थोडक्यात आहे. प्रकरण परत समितीकडे पाठवलं, आणि चौकशी ५ मे २००९ रोजी जिथे होती तिथून पुन्हा पुढे न्यायला सांगितलं. म्हणजे समितीच्या सचिवांना त्या विद्यार्थिनींना पुन्हा पत्रं पाठवावी लागणार होती. पस्तिशीत पोचलेल्या त्या बायका कुठे नोकरी करत असतील, कुणाची आडनावं बदलली असतील, कुणी देशाबाहेर असतील. २००९ च्या फाईलमध्ये त्यांचा पत्ता असेल तो विद्यापीठाच्या वसतिगृहाचा, नाही तर आईवडिलांच्या घरचा.